निम्मा दिवस पोटाचा, निम्मा मैदानाचा

नाशिकच्या सिडकोतल्या एका सव्वीस वर्षांच्या तरुणाने विचारलं आहे: "सर, आम्ही बावीस पोरं चार वर्षं एकत्र फुटबॉल खेळतोय. ओळखीचे एक बिल्डर वर्षाला पाच लाख द्यायला तयार आहेत, त्यांना सेमी-प्रोफेशनल क्लब काढायचा आहे. असा क्लब म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे असे क्लब कसे उभे राहिले, संघात कोण कोण असावं, आणि नाशिकला हे जमेल का?"

जमेल. नाशिक रोडला तीस वर्षं मुलांना फुटबॉल शिकवतोय, त्यातली वीस वर्षं एक क्लब चालवण्यात गेली, तेव्हा हे विचार करूनच म्हणतोय. पण त्या बिल्डरांना होकार देण्याआधी पाच लाखांचा हिशोब मांडू. बावीस जणांना महिन्याला फक्त ३,००० रुपये मानधन दिलंत तर महिन्याचे ६६,००० होतात. साडेसात महिन्यांत पाच लाख संपले. यात अजून बॉल घेतलेले नाहीत, रेफरीचे पैसे नाहीत, मुंबईला जायचं भाडं नाही, कुणाचा गुडघा दुखावला तर एमआरआय नाही. आणि तीन हजारांत एकाही पोराचं घर चालत नाही, त्यामुळे कुणाची नोकरीही सुटली नाही. आम्ही पहिला स्पॉन्सर घेतला तेव्हा हा हिशोब मांडलाच नव्हता. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर अकरा पोरं उभी करणं कठीण झालं, तेव्हा वही काढून बसलो.

'सेमी-प्रोफेशनल' हा शब्द सगळे वापरतात, पण फिफाच्या नियमांत तो प्रकारच नाही. तिथे खेळाडू दोनच प्रकारचे. क्लबशी लेखी करार आहे आणि खेळण्यापायी जो खर्च होतो त्याहून जास्त पैसे मिळतात, तो व्यावसायिक. बाकीचे सगळे हौशी. म्हणजे ज्या पोराला तुम्ही बूट आणि गाडीभाडं देता तो हौशी, आणि ज्याच्याशी आठ हजारांचा लेखी करार केलात तो कागदावर व्यावसायिक, मग तो दिवसाचे आठ तास अंबडच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर उभा का असेना. सेमी-प्रो हे त्या पोराच्या दिवसाचं वर्णन आहे. माझ्या लेखी असा क्लब तोच, ज्याला आपल्या प्रत्येक खेळाडूचं दुसरं काम काय आहे हे ठाऊक असतं आणि जो आपली प्रॅक्टिस, सामने, पैसे त्या कामाभोवती बेततो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. बाकीचं इतिहासात आहे, कारण आपल्याकडचे क्लब याच मुद्द्यावर टिकले किंवा बुडाले.

हा खेळ आपल्याकडे गोऱ्या पलटणी आणि रेल्वेबरोबर आला. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स कप सुरू झाला, तो पहिल्या वर्षी वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने जिंकला, आणि भारतीय नागरी संघाच्या हाती पहिल्यांदा पडायला १९३७ उजाडलं. तो संघ बंगलोर मुस्लिम्स. आम्ही देवळालीच्या छावणीच्या आसपास वाढलेली मुलं. बूट घालून, रांगेत वॉर्म-अप करून खेळणारी माणसं आम्ही पहिल्यांदा बघितली ती जवानच.

पण क्लब म्हणाल तर महाराष्ट्रात सगळ्यात खोल मुळं कोल्हापूरची. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावंच बघा. तालीम आधी, फुटबॉल नंतर. कुस्तीचा आखाडा, गणपती, महापुरात धावून जाणं, गल्लीतल्या पोराचं लग्न, या सगळ्यासाठी जी माणसं एकत्र येतात तीच संघ चालवतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची, आणि शाहू स्टेडियमवर आजही स्थानिक सामन्याला हजारो लोक बसतात. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा शेजारी बसलेले सत्तरीचे आजोबा मला डाव्या बॅकचं घराणं सांगत होते: बाप कुठल्या तालमीचा, काका कुठल्या जागेवर खेळायचा. पैसा तिथेही आला. ईर्षेपोटी बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडू आणले गेले, वादही झाले. तरीही एखादा देणगीदार गेला म्हणून तालीम बंद पडत नाही, कारण ती त्याची कधी नव्हतीच, पेठेची होती. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

मुंबईची तऱ्हा वेगळी. तिथे क्लब कंपन्यांनी आणि खात्यांनी सांभाळले: टाटा, मफतलाल, ओर्के मिल, एअर इंडिया, रेल्वे, बँका. खेळाडू नोकरीला लागायचा, दुपारनंतर प्रॅक्टिसला सुटी मिळायची, पगार महिन्याच्या महिन्याला, खेळ संपला तरी पेन्शनपर्यंत टेबल कायम. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या याच कंपनी फुटबॉलमधला. भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. आज आपण ज्याला सेमी-प्रो म्हणतो ते या लोकांनी नाव न देता पन्नास वर्षं केलं, आणि माझ्या मते अजून कुणी त्याहून बरं केलेलं नाही. खेळाडूच्या आईला तेव्हा जी निर्धास्ती होती ती पुढच्या कुठल्याही करारात मी पाहिली नाही.

मग नियम बदलले. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये आली, २००७ मध्ये तिची आय-लीग झाली, आणि आशियाई फुटबॉल महासंघाचं क्लब लायसन्सिंग, म्हणजे क्लबला खेळायचा परवाना, आलं. क्लबची स्वतंत्र कायदेशीर ओळख हवी, युवा संघ हवेत, मैदान हवं, पात्रता असलेली माणसं हवीत, ताळेबंद हवा. खात्याचा संघ म्हणजे खात्याचाच एक विभाग, तो यात कसा बसणार? एअर इंडिया आणि ओएनजीसी २०१३ मध्ये याच कारणाने आय-लीगमधून बाहेर पडले. त्याआधी महिंद्रा युनायटेड गेला होता. १९६२ पासूनचा संघ, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, ड्युरँड कप तीनदा जिंकलेला, आणि २०१० मध्ये कंपनीच्या एका निर्णयाने बंद. त्याच कंपनीचा कारखाना आपल्या सातपूरला आहे, त्यामुळे ती बातमी इथे घरची असल्यासारखी लागली. माझ्याकडची दोन पोरं त्या संघात ट्रायल द्यायची स्वप्नं बघत होती. पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला आणि आठ वर्षांत संपला. मुंबई एफसीही २००७ चाच, २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि नंतर दिसला नाही.

याच्या शेजारी धेंपो ठेवून बघा. पाच वेळा देशाचा विजेता असलेला हा गोव्याचा क्लब २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्याच क्लबांबरोबर आय-लीगमधून बाहेर पडला. वाटलं, हेही संपले. पण त्यांनी गोव्याची लीग सोडली नाही, मुलांचे संघ सोडले नाहीत, आणि २०२४-२५ मध्ये खालून वर चढत धेंपो आय-लीगमध्ये परत आला. वरचा मजला पाडून टाकला तरी तळमजला राहता होता. आपल्याकडे मुंबईचा केंकरे एफसी २००० मध्ये मुलांपासून सुरू झाला आणि २०२१-२२ मध्ये आय-लीग खेळला, त्याचीही चाल मला हीच वाटते.

आता नाशिक. आपल्याकडे कोल्हापूरची पेठ नाही आणि मुंबईची मिल नाही, असं लोक म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसचा जिमखाना, ओझरला विमानं बांधणाऱ्या एचएएलची वसाहत, एकलहऱ्याला थर्मल वीज केंद्राची, इगतपुरी-मनमाडला रेल्वेची. या वसाहतींतली मैदानं, तिथली संध्याकाळ, हीच आपली पेठ होती. मी खेळायला लागलो तेव्हा संघातल्या निम्म्या मुलांचे वडील यांपैकी कुठेतरी कायम नोकरीत होते. घरात ठरलेल्या तारखेला पगार यायचा म्हणून पोरगा संध्याकाळी दोन तास बिनधास्त मैदानावर असायचा. आज माझ्या संघातली मुलं स्वतः कमावती आहेत, आणि बहुतेक कंत्राटावर. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत. पाळी दर आठवड्याला बदलते. कुणी दुपारी जेवण पोचवतो, कुणी शाळेत पीटीचे तास घेतो, कुणी वडिलांच्या भाजीच्या गाळ्यावर पहाटे तीनला हजर असतो.

म्हणून संघात कोण असावं हे विचारलंत तर मी आधी फॉर्मेशन विचारत नाही, पाळ्या विचारतो. आमच्याकडे एक मोठी वही आहे. प्रत्येक पोराच्या नावापुढे त्याच्या कामाची वेळ, सुटीचा वार, येण्याजाण्याचं साधन, घरात किती माणसं त्याच्यावर अवलंबून. पंचवीस नावांत पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रात्रपाळीवाले असे मिसळलेले हवेत की कुठल्याही रविवारी सोळा जण ताजे मिळतील. दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, एकाच कारखान्यात, एकाच पाळीला असतील तर ओव्हरटाइमच्या एका नोटिसीने तुमचा बचाव गेला. आमचा गेलाय, उपांत्य फेरीत. गोलकीपर तीन हवेत, आणि त्यातला एक कॉलेजचा विद्यार्थी हवा, कारण परीक्षेचे दिवस आधी कळतात, ओव्हरटाइमचे कळत नाहीत. रात्रपाळी करून सकाळी पावणेसहाला येणारा पोरगा तुम्हाला फार निष्ठावान वाटेल. त्याला स्प्रिंट मारायला लावू नका. न झोपलेल्या पायाचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, जातो, मी चारदा पाहिलंय. त्याला वीस मिनिटं बॉल पासिंग द्या, केळं द्या आणि घरी झोपायला पाठवा.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तुमच्याकडे भरपूर येतील. १६०० मीटर पळायचा सराव असल्याने दम दांडगा, वळणं मात्र जड. त्यांना विंगवर न टाकता मधल्या फळीत ठेवा. त्यातले काही भरती होऊन जातील, आणि तो दिवस क्लबने पेढे वाटून साजरा करावा. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडे पडताळणी होते. कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कुठल्या पदाला चालतं ते आधी विचारून ठेवा, आणि प्रत्येक अधिकृत सामन्याची संघयादी, निकालपत्र फाइलला लावा. दहा वर्षांनी कुणीतरी ते मागायला येतं.

आता जी गोष्ट सांगायची मला अजून जड जाते, ती. आमचा एक डावा बॅक होता, डावखुरा, असा पोरगा दहा वर्षांत एखादा मिळतो. सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. एका निमंत्रितांच्या स्पर्धेत मुरमाच्या मैदानावर वळताना त्याचा गुडघा फिरला. लिगामेंट. ऑपरेशन, त्यानंतर जवळपास वर्ष. आठ तास उभं राहता येईना म्हणून पंधरा दिवसांत ठेकेदाराने दुसरा माणूस घेतला. क्लबकडे विमा नव्हता. आम्ही वर्गणी काढली, पुरली नाही, त्याच्या आईने गळ्यातलं गहाण ठेवलं. त्याला खेळवण्याचा निर्णय माझा होता. ते मैदान मी सकाळी बघितलं होतं, गोलपोस्टजवळ मुरूम सुटा झाला होता. आज तो नीट चालतो, दुकान चालवतो, मुलाला घेऊन आमच्याकडे येतो. पण तेव्हापासून आमच्याकडे जर्सी शिवायच्या आधी सगळ्यांची गट अपघात पॉलिसी निघते, आणि मैदान बघून नाही म्हणायचा अधिकार कर्णधारालाही आहे. पाच लाखांतला पहिला रुपया इथे घाला.

त्यामुळे मासिक मानधन सगळ्यांना सारखं वाटण्याच्या मी विरोधात आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पैसे असे वापरा: विमा, फिजिओ, बूट, प्रवास, आणि सामन्यासाठी ज्याचा रोज बुडतो त्याला त्या दिवसाची भरपाई. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन दुपारी खेळून रात्री परत येणाऱ्या कंत्राटी कामगाराचा एक दिवस बुडतो. तो क्लबने द्यायलाच हवा. कॉलेजच्या मुलाला तो लागत नाही, आणि मुलांसमोर हिशोब उघडा ठेवला तर त्यांना हा फरक समजतो. बाहेरून पाहुणे खेळाडू आणून एक ट्रॉफी मिळते, पण ज्या पोराने चार वर्षं पहाटे ग्राउंडला खडू मारला तो त्या दिवशी बाकावर बसतो आणि पुढच्या महिन्यात येत नाही.

बिल्डरांचं काय करायचं? घ्या त्यांचे पैसे, आदराने घ्या. पण क्लब त्यांच्या नावावर करू नका. किमान सात सदस्य घेऊन संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद करा. दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. कंटाळवाणं काम आहे, यासाठी संघातला एक बीकॉम झालेला पोरगा कामाला लावा. मैदानाचा करार, जिल्हा संघटनेतली नोंदणी, बँक खातं, सगळं संस्थेच्या नावाने. बिल्डरांचं नाव जर्सीवर मोठ्या अक्षरात छापा, सामन्याला पहिल्या रांगेत बसवा. आमचे तीन स्पॉन्सर आले आणि गेले. पहिला गेला तेव्हा क्लब सहा महिने बंद होता, कारण सगळे कागद त्यांच्या ऑफिसात होते. तिसरा गेला तेव्हा मंगळवारी कळलं आणि गुरुवारी प्रॅक्टिस झाली.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे त्यांनी समाजकार्यासाठी काढलेल्या पैशाबद्दल, पुढे कधीतरी तुम्ही विचारालच. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात खेळाच्या प्रशिक्षणाला जागा आहे, त्यामुळे तेरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या प्रशिक्षणासाठी तो पैसा मागता येतो. त्यासाठी संस्थेकडे आयकर खात्याची, १२ए आणि ८०जी नावाने ओळखली जाणारी नोंदणी आणि तीन वर्षांचं काम दाखवायला लागतं. जर्सीवर जाहिरात करून घेण्याच्या बदल्यात दिलेला पैसा त्यात धरत नाहीत, आणि पहिल्या संघाच्या मानधनासाठी तो मागूही नका.

मुलांचे संघ पहिल्याच वर्षी काढा, परवडत नाहीत असं वाटलं तरी. एक कारण लायसन्सिंगचं. दुसरं असं की फिफाच्या नियमांनुसार खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या देशाच्या क्लबकडे विकला गेला तर बदलीच्या रकमेतला पाच टक्के हिस्सा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. नाशिकच्या पोराच्या बाबतीत ते कधी घडेल तेव्हा घडेल, पण बाराव्या वर्षी त्याची अधिकृत नोंदणी तुमच्याकडे नसेल तर त्याला पहिला बूट तुम्ही दिला होता हे कुणाला कळणार नाही. खरं कारण मात्र कोल्हापूरच्या पेठेबद्दल बोलताना आधीच सांगितलं: आईवडील शनिवारी सकाळी मुलाला सोडायला येतात, कट्ट्यावर बसतात, आणि बघता बघता पेठ तयार होते. आमच्या अंडर-थर्टीनच्या आया आज सामन्याचा डबा, प्रथमोपचाराची पेटी आणि वर्गणी तिन्ही सांभाळतात.

वरची शिडी, २०२३ मध्ये ठरली तशी, थोडक्यात: जिल्ह्याची स्पर्धा, वायफा म्हणजे राज्याची संघटना, मग २०२३ मध्ये सुरू झालेली आय-लीग ३, त्यावर आय-लीग २, आय-लीग. सगळ्यात वरच्या लीगचं, म्हणजे आयएसएलचं दारही २०२३ मध्ये पंजाब एफसीने खालून जाऊन उघडलंय. पण पहिली पाच वर्षं जिल्ह्याच्या पलीकडे बघायची घाई करू नका. मैदान हीच तुमची मोठी अडचण असेल. आपली काळी माती जुलैत बुटाला किलोभर चिकटते आणि मार्चमध्ये तिला अशा भेगा पडतात की घोटा आत जातो. शिवाय मैदान सभेला, प्रदर्शनाला, लग्नाला जातं. २०१५ च्या सिंहस्थात आमच्या मैदानावर गाड्या लागल्या होत्या, नंतर चाकोऱ्या बुजवायला आम्हीच फावडी घेऊन उतरलो. आता पुन्हा सिंहस्थ आहे, तेव्हा दुसऱ्या जागेची बोलणी आत्ताच करून ठेवा. एखाद्या शाळेशी करार होतोय का बघा: त्यांच्या मुलांना तुम्ही आठवड्यातून तीन दिवस शिकवायचं, बदल्यात पहाटे मैदान तुमचं. आम्हाला पंधरा वर्षं याच करारावर मैदान मिळालंय.

बिल्डरांना भेटण्याआधी एवढंच करा. शंभर पानी वही घ्या, बावीस नावं लिहा, प्रत्येकाच्या पुढे पाळी, सुटीचा वार आणि घरची जबाबदारी. कुणाला 'नंतर सांगतो' म्हणू देऊ नका, घरी जाऊन विचारा. मी रोज पहाटे साडेपाचपासून नाशिक रोडच्या मैदानावर असतो. ती वही घेऊन या, बसून बघू की रविवारी तुमचे कोणते सोळा उभे राहतात.